हैदराबादचा पट्टा आणि परसातली दुर्बीण

आजच्या व्याख्यानात आम्ही एकच फोटो दाखवणार आहोत आणि सगळा वेळ त्याच्याबद्दलच बोलणार आहोत. पडद्यावर पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर बरेचसे ठिपके आहेत, उजवीकडे दोन ठळक तारे आहेत आणि त्यांच्याच ओळीत पुढे एक फिकट, गोलसर डाग आहे. पाटीवरचं खडूचं अक्षर बोटाने पुसावं आणि थोडी पांढरी धूळ मागे राहावी, तसा. आमच्या घरी हा फोटो पहिल्यांदा दाखवला तेव्हा प्रश्न आला, "हे काय, भिंगाला बोट लागलंय का?"

बोट नाही. हा एनजीसी २४१९ नावाचा तारकागुच्छ आहे आणि तो आपल्यापासून सुमारे पावणेतीन लाख प्रकाशवर्षं दूर आहे. या फोटोतला उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर नवीनच होती. फोटो काढला छत्रपती संभाजीनगरात, सातारा परिसरातल्या एका घराच्या परसात, आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून. आमच्यापैकी कुणीही खगोलशास्त्रज्ञ नाही. नोकरी-धंदा सांभाळून आकाश बघणारी आम्ही चार-पाच माणसं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर इतिहासाची व्याख्यानमाला, इथे ताऱ्यांचा फोटो कशाला? त्याचं कारण असं की या डागापर्यंत ज्या कामाने आमची दुर्बीण नेली, त्यातला एक वाटा नव्वद वर्षांपूर्वी हैदराबादला झाला होता. आपलं शहर तेव्हा ज्या राज्यात होतं, त्या राज्याच्या तिजोरीतून झाला होता. आम्हाला ही गोष्ट फोटो काढून झाल्यावर कळली. आज ती गोष्ट सांगायची आहे.

आधी गोलाकार तारकागुच्छ म्हणजे काय, ते पाहू. काही जण याला बंदिस्त तारकागुच्छ असंही म्हणतात. हजारो-लाखो तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधले जाऊन एका गोळ्यात राहतात, मधे दाट, कडेला विरळ. हे तारे फार म्हातारे, बहुतेक दहा अब्ज वर्षांहून जुने. आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेहून अधिक गुच्छ माहीत आहेत. उन्हाळ्यात शौरी तारकासमूहात एम १३ नावाचा गुच्छ असतो. तो छोट्या दुर्बिणीतून कापसाच्या बोंडासारखा दिसतो आणि जरा मोठ्या दुर्बिणीतून त्याच्या कडेचे तारे सुटे सुटे दिसायला लागतात. बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल.

या गुच्छांनी माणसाचा एक मोठा गैरसमज दूर केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साधारण समज असा होता की सूर्य आकाशगंगेच्या मध्याजवळ आहे. १९१८ मध्ये हार्लो शॅपली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने गोलाकार गुच्छांची अंतरं काढून त्यांची मांडणी केली. तेव्हा दिसलं की हे गुच्छ आपल्याभोवती सारखे पसरलेले नाहीत. त्यांची गर्दी धनू राशीच्या बाजूला आहे. नाथषष्ठीला पैठणच्या एखाद्या गल्लीत उभे राहा. देऊळ दिसत नसलं तरी गर्दी कुठल्या बाजूला दाटते आहे ते बघून देऊळ कुठे आहे हे सांगता येतं. शॅपलीने नेमकं हेच केलं. देऊळ धनू राशीच्या दिशेला होतं आणि आपण गल्लीच्या टोकाला उभे होतो. त्याने काढलेलं अंतर बरंच जास्त निघालं. आजच्या मोजणीने आकाशगंगेचं केंद्र साधारण २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. पण दिशा बरोबर होती.

एनजीसी २४१९ मात्र नेमका उलट दिशेला आहे. सगळी गर्दी देवळाभोवती आणि एक दिंडी मागे कुठेतरी शेताच्या बांधावर राहिलेली, तसा. विल्यम हर्शेलने ३१ डिसेंबर १७८८ ला तो पाहिला. त्याला दिसला तो फक्त एक धूसर ठिपका. तो गोलाकार तारकागुच्छ आहे हे ओळखायला पुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. १९२२ च्या सुमारास लॉवेल वेधशाळेतल्या लॅम्पलंड यांनी तो ओळखला. १९३५ मध्ये वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने काढलेल्या फोटोंवरून यातल्या चल ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा गुच्छ किती प्रचंड दूर आहे ते स्पष्ट झालं. आकाशगंगेचा शेजारी म्हणून आपण ज्याचं नाव घेतो, तो मोठा मॅगेलनी मेघही याच्यापेक्षा बराच जवळ आहे. त्यामुळे याला 'दीर्घिकांमधला भटक्या' असं टोपणनाव पडलं. हा आकाशगंगेचा आहे की वाट चुकून आलेला, अशी शंका बरीच वर्षं घेतली गेली. आता मोजणी सुधारली आहे आणि तो आकाशगंगेच्याच बंधनात फिरतो आहे हे मान्य झालं आहे. म्हणजे भटक्याला घर आहे, फक्त अंगण फार मोठं आहे.

हर्शेल, शॅपली, लॅम्पलंड, बाडे. विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण अशीच नावं घेतो. ज्यांनी काही शोधलं, त्यांची. आम्हालाही फोटो काढेपर्यंत एवढाच इतिहास माहीत होता.

आता आपल्या भागाकडे येऊ.

मराठी मुलखातली पहिली मोठी आधुनिक वेधशाळा पुण्याची. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, सरकारने भर घातली आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालवली. तिथे वीस इंची आरशाची दुर्बीण होती, तेव्हा भारतातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला यांनी आपल्या चमूसह सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकला होता. पण हा सगळा व्याप एका माणसाच्या जिवावर चाललेला होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

पुण्यात दार बंद होत होतं, त्याच सुमारास हैदराबादला काम सुरू होत होतं. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने इंग्लंडहून पंधरा इंची भिंगाची ग्रब कंपनीची दुर्बीण आणवली आणि १९०१ मध्ये हैदराबादजवळ फिसलबंडा इथे आपल्या जागेत वेधशाळा उभारली. निजामाच्या परवानगीने तिला निजामिया हे नाव दिलं. १९०७ मध्ये नवाब वारले. १९०८ मध्ये हैदराबाद सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली आणि पुढे ती बेगमपेठेत हलवली. १९१९ पासून ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. लक्षात घ्या, औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघालं, तेही याच उस्मानियाला जोडलेलं होतं. बेगमपेठेतली वेधशाळा आणि आपल्या शहरातलं ते कॉलेज एकाच विद्यापीठाच्या छायेत होती.

या वेधशाळेने हाती घेतलेलं मोठं काम म्हणजे आकाशाची मोजणी. १८८७ मध्ये पॅरिसला एक परिषद भरली. तिथे ठरलं की फोटोग्राफीची नवी विद्या वापरून सगळ्या आकाशाचा नकाशा आणि ताऱ्यांची सूची तयार करायची. एका वेधशाळेला हे जन्मात जमणार नाही, म्हणून आकाशाचे आडवे पट्टे पाडले आणि जगातल्या अठरा वेधशाळांना वाटून दिले. गावाची जमीन मोजायला घेताना मोजणीदारांना गट वाटून देतात ना, तसंच. ग्रीनिचला एक पट्टा, पॅरिसला एक, व्हॅटिकनला एक, केपटाउनला एक.

सगळ्यांना वाटा झेपला नाही. काहींनी काम सुरूच केलं नाही, काहींनी अर्ध्यावर सोडलं. चिलीतल्या सांतियागोकडे असलेला, आकाशाच्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांमधला पट्टा अखेर हैदराबादकडे आला. १९१४ पासून हैदराबादने तो आठ इंची कुक कंपनीच्या फोटो-दुर्बिणीने टिपला. तो होत आला तेव्हा आणखी एक वाटा अंगावर घेतला. उत्तरेला जर्मनीतल्या पोट्सडॅमने पुरा न केलेल्या पट्ट्यातला ३६ ते ३९ अंशांचा भाग. १९३० च्या दशकात हैदराबादने तोही मोजून काढला.

एनजीसी २४१९ चं आकाशातलं स्थान उत्तरेला ३८ अंश ५३ कला. म्हणजे हैदराबादच्या पट्ट्यात. आणि मघाशी सांगितलेला एम १३? ३६ अंश २८ कला. तोही त्याच पट्ट्यात.

हे वाचलं तेव्हा आम्ही क्षणभर थांबलो. आमच्या परसातून आम्ही जिकडे दुर्बीण रोखली होती, तो आकाशाचा तुकडा मोजायची जबाबदारी एके काळी आपल्याच राज्याकडे होती.

हे काम कसं चालायचं, ते ऐका. काचेच्या प्लेटवर रसायनाचा थर असायचा. दुर्बिणीच्या टोकाला ती बसवायची, काही मिनिटं ताऱ्यांमागे दुर्बीण अचूक फिरवत ठेवायची आणि प्लेट धुवायची. प्रत्येक प्लेटवर आकाशाचा साधारण दोन अंश बाय दोन अंशांचा चौकोन उतरायचा. प्लेटवर ५ मिलिमीटरच्या चौकटींची बारीक जाळीही छापलेली असायची. फोटो झाला की खरं काम सुरू. मोजणी यंत्राच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेका ताऱ्याचं स्थान वाचायचं. कुठल्या चौकटीत, डावीकडून किती, खालून किती. आकडा लिहायचा आणि पुढचा तारा घ्यायचा. मग सगळ्या आकड्यांवर गणितं. संगणक नाही, कागद-पेन्सिल आणि कोष्टकं. हैदराबादने अशा मोजणीचे १२ खंड छापले. त्यात सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी आहेत.

या खंडांत शोध एकही नाही. फक्त आकडे आहेत. संचालकांची नावं इतिहासात आहेत. आधी चॅटवुड, मग पोकॉक, मग १९१८ पासून दोन तपांहून जास्त काळ टी. पी. भास्करन. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली माणसं? त्यांच्यातल्या एका सहायकाचं नाव टिकलं, तेही मुलामुळे. एम. के. बाप्पू निजामियात सहायक होते. त्यांचा मुलगा वेणू त्याच वेधशाळेच्या आवारात दुर्बिणी बघत वाढला, १९४९ मध्ये हार्वर्डला असताना त्याने एक धूमकेतू शोधला आणि पुढे तमिळनाडूतली कावलूरची वेधशाळा उभी केली. भारतातल्या आधुनिक खगोलशास्त्राचा पाया घालणारे वेणू बाप्पू ते हेच. बाकीच्यांची मुलं धूमकेतू शोधणारी निघाली नाहीत, एवढंच.

हैदराबादच्या त्या काचांवर एनजीसी २४१९ आला असेल का? काचांचं उद्दिष्ट साधारण अकराव्या प्रतीपर्यंतचे तारे टिपायचं होतं. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, आकडा वाढला की तारा अंधुक. या गुच्छातले सर्वांत तेजस्वी तारेसुद्धा सतराव्या प्रतीचे आहेत, म्हणजे त्या मर्यादेपेक्षा अडीचशे पटींनी अंधुक. तेव्हा त्या काचांवर या गुच्छातला एकही तारा सुटा दिसणं शक्य नव्हतं. फार तर एक अस्पष्ट डाग. मोजणीदाराला हवे होते तारे. त्याने डागाकडे दुर्लक्ष करून आजूबाजूचे साधे, बिननावाचे तारे मोजले. आणि तेच आमच्या उपयोगी पडले.

कसे, ते सांगायला आता परसात यावं लागेल.

जानेवारी हा या गुच्छासाठी उत्तम महिना. आपल्याकडे हवा कोरडी असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास पुनर्वसू नक्षत्र डोक्यावर येतं. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टरपासून साधारण सात अंश उत्तरेला गेलं की ही जागा. आपल्या शहराचे अक्षांश जवळजवळ २० असल्याने हा गुच्छ माथ्यापासून फक्त १९ अंश खाली राहतो, क्षितिजावरच्या धुरळ्यात सापडत नाही. ही झाली सोय.

अडचण दुसऱ्या टोकाला होती. असा फोटो काढायचा तर पृथ्वी फिरते त्या वेगाने दुर्बीण उलटी फिरवावी लागते आणि त्यासाठी दुर्बिणीच्या माउंटचा आस आकाशाच्या ध्रुवाकडे अचूक रोखावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे ध्रुवतारा बघून लावणं. पण आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर. आमच्या परसातून बरोबर त्याच जागी शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. पहिल्या रात्री आम्ही होकायंत्रावर भागवलं. सकाळी फोटो उघडले तर प्रत्येक तारा शेवयांसारखा लांब झालेला. चार तासांची थंडी फुकट.

दुसऱ्या खेपेला आम्ही संगणकाची मदत घेतली. याला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. 'प्लेट' हा शब्द बघा, काचा गेल्या तरी नाव राहिलं. दुर्बीण आकाशात कुठेही रोखायची आणि एक झटपट फोटो घ्यायचा. संगणक त्या फोटोतल्या ताऱ्यांचे आकार-त्रिकोण आपल्याजवळच्या सूचीशी ताडून बघतो आणि काही सेकंदांत सांगतो, तुम्ही अमुक ठिकाणी बघता आहात. दुर्बीण थोडी फिरवून असे तीन फोटो घेतले की माउंटचा आस ध्रुवापासून किती सरकलेला आहे, तेही काढता येतं. ध्रुवतारा दिसावाच लागत नाही. टाकी तिथेच राहिली आणि आमचं काम झालं.

तिसरी अडचण मागच्या घराचा दिवा. परसात झगझगीत एलईडी. आम्ही काकूंकडे गेलो. "काकू, दोन-तीन तास मागचा दिवा बंद ठेवला तर चालेल का?"

"आणि चोर आला तर?"

"आम्ही जागेच आहोत ना. आम्हाला बघून पळेल."

काकूंनी दिवा बंद केला. बाराच्या सुमारास शाल गुंडाळून बघायलाही आल्या. लॅपटॉपवर एका मिनिटाचा एक फोटो नुकताच उतरला होता. शहराच्या उजेडाने भगवट-करडं झालेलं आकाश, थोडे ठिपके, आणि मधे काहीतरी असल्याचा भास. काकूंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच? एवढ्यासाठी रात्र जागता?"

खरं सांगायचं तर आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आम्ही म्हटलं, "काकू, एका फोटोत एवढंच. शंभर फोटो जमू द्या."

आणि त्यात तथ्य आहे. या गुच्छाचा उजेड आणि शहराचा उजेड एकाच वेळी कॅमेऱ्यात शिरतो. गुच्छाचा उजेड रोज त्याच जागी ठामपणे येतो, पण गोंगाट, म्हणजे प्रकाशाची आणि कॅमेऱ्याची बारीक कुरकुर, प्रत्येक फोटोत वेगळी असते. फोटो एकावर एक रचले की खरा उजेड बेरजेने वाढतो आणि गोंगाट वर्गमुळाने. शंभर फोटो रचले तर उजेड शंभर पट, गोंगाट दहा पट. म्हणजे चित्र दहा पट स्वच्छ. शिवाय झाकण लावून घेतलेल्या काळ्या फोटोंनी कॅमेऱ्याचे दोष वजा करायचे, सारख्या पांढऱ्या पृष्ठभागाच्या फोटोंनी धुळीचे डाग काढायचे. आम्ही त्या रात्री एकेका मिनिटाचे १४० फोटो घेतले. वाऱ्याने हललेले, विमान गेलेले असे टाकून १०२ उरले. ते रचल्यावर डाग उठून आला, मधे दाट, कडेला विरळ. आणि त्या विरळ कडेला, नीट पाहिलं तर, सुईच्या टोकाएवढे काही सुटे तारे. पावणेतीन लाख प्रकाशवर्षांवरचे एकेकटे तारे, आपल्या परसातून. १९३० च्या काचेला जे जमलं नसतं, ते आज आठ इंची आरशाला आणि कॅमेऱ्याच्या चिपला जमतं.

मग एका रविवारी निवांत बसून आम्ही बघितलं की आपल्या संगणकाने कुठल्या सूचीवरून ही जागा ओळखली. त्या सूचीचं नाव टायको-२. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेली, २५ लाख ताऱ्यांची. तिच्यासाठी ताऱ्यांची स्थानं मोजली युरोपच्या हिप्पार्कोस उपग्रहाने, १९८९ ते १९९३ या काळात. पण तारे स्थिर नसतात. प्रत्येक जण अगदी सावकाश सरकत असतो. आज एखादा तारा कुठे आहे हे सांगायचं तर त्याचा वेग हवा. आणि तीन-साडेतीन वर्षांच्या निरीक्षणातून अंधुक ताऱ्यांचा हा वेग अचूक कळत नाही. मुलाची उंची आज आणि उद्या मोजून तो वर्षाला किती वाढतो हे सांगता येईल का? त्यासाठी भिंतीवरची जुनी पेन्सिलीची खूण लागते.

ती जुनी खूण होती पॅरिसच्या परिषदेतून सुरू झालेली ती मोजणी. वेधशाळांनी छापलेले ते सगळे खंड, सुमारे ४६ लाख ताऱ्यांच्या नोंदी, अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने नव्याने गणित करून एकत्र आणल्या. टायको-२ मधल्या ताऱ्यांचे वेग काढताना मुख्य आधार त्यांचाच. आणि उत्तरेच्या ३६ ते ३९ अंशांतल्या ताऱ्यांसाठी त्या नोंदी हैदराबादच्या.

म्हणजे मंडळी, एनजीसी २४१९ च्या आजूबाजूचे जे साधे तारे बघून आमची दुर्बीण वाटेवर आली, ते तारे आज कुठे असायला हवेत हे सांगणाऱ्या आकड्यांत बेगमपेठेतल्या त्या सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या डोळ्यांचा वाटा होता.

आपल्या शहरात पाणचक्की बघायला माणसं येतात. धो धो पडणारं पाणी दिसतं, फोटो निघतात. ते पाणी डोंगराकडून जमिनीखालून आणणारी नहर कुणाला दिसत नाही. या बारा खंडांचं तसंच आहे.

आता एक अवघड मुद्दा. आम्ही हे आमच्या एका ज्येष्ठ परिचितांना सांगितलं. ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या घरातले. ते शांतपणे म्हणाले, "निजामाची वेधशाळा, तिचं कौतुक आपण कशाला करायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठवाड्याने त्या राजवटीत भोगलेलं आहे. शिक्षण उर्दूतून, मराठी शाळांची गळचेपी, शेवटी रझाकारांचा अत्याचार. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस आपल्यासाठी उगाच सणाचा नाही.

आम्ही त्यांना जे उत्तर दिलं, ते तुमच्यापुढेही ठेवतो. १९०८ नंतर वेधशाळा सरकारी तिजोरीतून चालली. ती तिजोरी भरत कुठून होती? शेतसाऱ्यातून. त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या शेतकऱ्याचा सारा होता. आपल्या पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं की तुमच्या पैशातून ताऱ्यांची मोजणी करू का. पण पैसा त्यांचाही गेला. ज्या राज्याने त्यांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवलं नाही, त्याच राज्याने त्यांच्या साऱ्यातून आकाशाचा एक पट्टा मोजला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक लपवून दुसरी सांगणं म्हणजे इतिहास नव्हे. राजवट आपण झुगारली, बरोबरच केलं. पण त्या बारा खंडांवरचा हक्क सोडायचं काही कारण नाही. निजामाचं कौतुक नकोच. खुर्चीत बसून लाखो तारे मोजणाऱ्या अनाम माणसांचं आणि त्यासाठी नकळत पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याचं ऋण मात्र मान्य करायला हवं.

आमचे परिचित थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो फोटो मोठा करून द्या मला एक." आम्ही दिला.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की आता गाया उपग्रहाने एक अब्जाहून अधिक ताऱ्यांची स्थानं आणि वेग मोजले आहेत, तेही कितीतरी जास्त अचूक. जुन्या काचांवाचून आज काम अडत नाही. पुढच्या वर्षी आम्ही नवी सूची टाकली की हैदराबादचा हात सुटेल. पण नेमकं ते सुटण्याआधी कळलं, म्हणून नोंदवून ठेवतो आहोत.

आणि शेवटची गोष्ट उजेडाची. बेगमपेठ आज हैदराबादच्या भर वस्तीत आहे. उजेड वाढला तसं निरीक्षणाचं काम शहराबाहेर न्यावं लागलं आणि १९६८ मध्ये जपल-रंगापूरला उस्मानियाची ४८ इंची दुर्बीण उभी राहिली. आमच्या परसावरही तीच वेळ येते आहे. सातारा परिसरात दर वर्षी नवे दिवे, नव्या इमारती. दहा वर्षांपूर्वी इथे नुसत्या डोळ्यांनी हिवाळ्यातली आकाशगंगा पुसट का होईना दिसायची. आता ती बघायला म्हैसमाळच्या डोंगरावर जावं लागतं. शंभर फोटोंऐवजी तीनशे रचून आम्ही अजून काही वर्षं काढू. पण वर्गमुळाचा नियम दोन्हीकडून चालतो. आकाशाचा उजेड चौपट झाला की तेवढाच स्वच्छ फोटो मिळवायला चौपट वेळ लागतो आणि रात्र काही चौपट होत नाही.

म्हणून एक विनंती. दिवे जमिनीकडे तोंड करून लावा, वर उघडे ठेवू नका. मागच्या परसातला दिवा गरज नसेल तेव्हा बंद करा. यासाठी सरकारी आदेशाची वाट बघायला नको. काकूंनी पाहिली नाही.

काकूंना तो पूर्ण झालेला फोटो आम्ही दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. कडेच्या सुट्या ठिपक्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे एकेक म्हणजे एकेक सूर्य?"

"हो काकू. आपल्या सूर्याहून कितीतरी मोठे झालेले, म्हातारे."

"मग एवढंच नाही," असं म्हणून त्या घरात गेल्या. तेव्हापासून अमावास्येच्या आसपास त्यांचा मागचा दिवा आम्ही न सांगता बंद असतो.

आमचं बोलणं इथे संपवतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.